बियाला ठेवलेलं शिराळं

भाद्रपद लागला की आमच्या सोसायटीतल्या माणसांना शेतीचा झटका येतो. गच्चीवर निळी पिंपं अर्धी कापून त्यांत माती भरलेली आहे. कुणी भेंडी लावतं, कुणी टोमॅटो, आणि मग ग्रुपवर फोटो सुरू होतात. एका भेंडीचे चार फोटो, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई स्वतः खाली आल्या. हातात एक दोडका, तोही तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरलेला. "घ्या काकू, आपल्या गच्चीवरचा. एकदम ऑरगॅनिक." मी म्हटलं, आमच्याकडे दोडका कुणी खात नाही. हे खोटं आहे. घरात सगळे खातात, मी खात नाही. बाईंचा चेहरा पडला, आणि मला वाईट वाटलं नाही.

मला बाग आवडत नाही, हे मी सहसा बोलून दाखवत नाही. लोक लगेच समजूत घालायला लागतात. मातीत हात घातला की मन कसं शांत होतं, वगैरे. ज्यांच्या घरात मातीवरून कधी कुणाचा आवाज चढला नाही, त्यांचं मन शांत होत असेल. आमच्या घरात एका पावसाळ्यात मातीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी नळावरच्या रांगेतही मी ऐकली नाहीत. आणि त्या सगळ्या भांडणात शेवटी मी जे केलं, ते भांडणाच्याही पलीकडचं होतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो. बैठं घर, दीड खोली, आणि मागच्या दारापासून गटारापर्यंत दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद अशी मोकळी जागा. वडील, म्हणजे अण्णा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सकाळी कारखान्यांकडून कुजक्या लसणासारखा वास यायचा आणि संध्याकाळी वारा फिरला की खाडीचा. अण्णांना दोन्ही वास यायचे नाहीत. घर ताब्यात मिळालं त्या दिवशी ते पुढच्या दाराने आत आले आणि सरळ मागच्या दाराने बाहेर गेले. स्वयंपाकघर कुठे आहे हे त्यांनी चहा मागताना पाहिलं.

अण्णा साताऱ्याकडचे. गावाकडची जमीन मोठे काका कसायचे, आणि मोठ्या काकांची जीभ कोयत्यासारखी. दर सुट्टीत चारचौघांत ते अण्णांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "आमचा धाकटा साहेब झाला. त्याला आता पाभर कंची आन् कुळव कंचा, ते बी सांगाया लागंल." सगळे हसायचे. अण्णाही हसायचे आणि परत आल्यावर आठ दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. ती सहा पावलांची पट्टी त्यांना का हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमची वसाहत भरावावर उभी होती. खाली जुनी भाताची खाचरं, वर ट्रकांनी आणून ओतलेला लाल मुरूम. मे महिन्यात अण्णांनी कुदळ घेतली. दोन रविवार ते मुरूम खणत होते आणि मी, दहावीचं वर्ष असताना, घमेली उचलून गटाराकडेला टाकत होते. तिसऱ्या रविवारी मुरूम संपला आणि खाली काळी, चिकट, गार माती लागली. अण्णांनी मूठभर उचलली, दाबली, हुंगली. नाचायचेच काय ते बाकी राहिले. "काळं रान आहे गं," ते आईला म्हणाले. "काळं. आणि लोकांनी यावर मुरूम टाकलाय." देशावर काळी जमीन म्हणजे सोनं. त्यांनी ती सगळी माती उकरून वर आणली, ढेकळं फोडली, हाताने चाळली. आळी केली, सरी पाडली. पलीकडे दसऱ्यासाठी झेंडूची जागा आखली. भेंडी, गवार, दोडका, घोसाळी, सगळ्यांच्या पुड्या त्यांनी गावाहून मागवल्या होत्या.

आणि मग ठकूबाय आली.

ती गावठाणातली. पन्नाशीची, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर टोपली. सकाळी वसाहतीत भाजी विकून झाली की रिकामी टोपली घेऊन ती परत जायची. त्या दिवशी ती मागच्या गटाराकडेला थांबली आणि आमची जमीन बघत राहिली. आमची म्हणजे, त्या वेळी मी आमची म्हणायचे. "ही माती कोनी वर कारली?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, अण्णांनी. "जलली ती माती. मीठ हाय तिच्यान. तुजे बापूसला सांग, खाली पुर परत."

अण्णा दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मलाच म्हणाले, "तिला सांग, आम्ही रानात वाढलोय. माती आम्हाला शिकवू नको म्हणावं." दोघांच्या मध्ये चार हातांचं अंतर होतं. पण त्या दिवसापासून जवळजवळ पावसाळाभर ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. जे बोलायचं ते मला. तिला सांग, तुजे बापूसला सांग. भांडण त्यांचं आणि घसा माझा. मला दोघांचाही राग यायचा. पुस्तक उघडलं की एकाची हाक यायची आणि मिटलं की दुसरीची.

मग एका दुपारी, अण्णा कामावर असताना, ठकूबाय आईकडे आली. दाराशी बसली, पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडली. गाठीत शिराळ्याच्या बिया होत्या. देशावरचा दोडका तो इथे शिराळं. काळ्या, चपट्या, मूठभर. तिच्या सासूकडून आलेल्या, सासूला तिच्या सासूकडून. बोटभर रुंद शिरा आणि आत लोण्यासारखा गर, असं शिराळं फक्त त्यांच्या घरात होतं, असं ती म्हणाली. वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हापासून बी चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलेलं. घरापुढे हातभर अंगण, त्यात शेजारच्यांच्या बकऱ्या. "दोन सालं जाली. तिसरे सालाला बी रुजत नाय. यंदा नाय लावला तं संपला," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे, त्यांच्या जुन्या मळणीच्या खळ्याकडे, बोट केलं. "तां आमचा खला व्हता. तो कोपरा मना दे गो बाय. येवराच."

आईने अण्णांना न विचारता होय म्हटलं. आई असं कधी करत नसे. ठकूबाय दुसऱ्या दिवशी टोपलीने माती घेऊन आली, तळ्यातला जुना गाळ, शेण, राख. कोपऱ्यात गुडघाभर उंच ढीग केला, वर पेंढा अंथरला आणि सगळ्या बिया त्यात टोचल्या. संध्याकाळी अण्णा आले. ढीग बघून त्यांचा आवाज पार पुढच्या रस्त्यापर्यंत गेला. "उपटून टाक ते आत्ताच्या आत्ता." आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "उपटायचं तर आधी मला उपटा," ती म्हणाली. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. ढीग मात्र राहिला.

पाऊस सुरू झाल्यावर खरी लढाई लागली. अण्णांनी चारही बाजूंनी वीतभर उंच बांध घातला होता. त्यांच्या गावाला आभाळाकडे डोळे लावून बसायचं, थेंब थेंब अडवायचा, ही त्यांची आयुष्यभराची शिकवण. पाणी वाफ्यात साठलं, तळं झालं, अण्णा कौतुकाने बघत राहिले. ठकूबाय गटारापलीकडून ओरडली, "पानी सोर गो. पोरी, बापूसला सांग, पयले दोन मयने पानी जाव देवाचा. पानी जाल तं मीठ जाल." मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "पाणी सोडून द्या? वेडी आहे ती बाई." त्यांना खरंच ते ऐकवत नव्हतं. पाणी वाहून जाताना बघणं त्यांना अन्न सांडण्यासारखं वाटायचं.

एका दुपारी घरात कुणी नसताना ठकूबायने विळ्याने बांध फोडला. मी शाळेतून आले तेव्हा तपकिरी पाणी गटारात धो धो चाललं होतं आणि ती कंबरेवर हात ठेवून बघत होती. "बोंबलू दे बापूसला," ती म्हणाली. अण्णांनी येऊन पाहिलं आणि कपडे न बदलता, कामाच्या पँटीने, चिखलात बसून हाताने बांध पुन्हा घातला. वर दगड लावले. मग गावठाणात जाऊन तिच्या दारासमोर उभे राहिले. आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. अण्णा तिथेही तिच्याशी बोलले नाहीत, तिच्या दारावरच्या पत्र्याशी बोलले. "आमच्या जागेत पाऊल टाकलं तर याद राखा." आतून तिचा आवाज आला, "पोरी, बापूसला सांग, जागा कोनाची ती मना नको सांगू." मी त्यांच्या मागे शाळेच्या कपड्यांत उभी होते. माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथे राहायच्या. त्या दोघी दारातून बघत होत्या.

त्या दिवसांत मी किती रागात असायचे ते आज सांगून खरं वाटणार नाही. चिखलाचा राग, बेडकांचा राग, ओल्या शेणाच्या वासाचा राग. अण्णा कामावरून यायचे ते थेट मागे जायचे, आणि मागून यायचे ते कुणावर तरी खेकसतच यायचे. झेंडूची रोपं टीचभर वाढून थांबली होती. भेंडीची पानं कडेने जळल्यासारखी तपकिरी व्हायला लागली. अण्णा म्हणायचे, कीड आहे. तंबाखूचं पाणी मारून झालं, राख झाली. श्रावणात चार दिवस कडक ऊन पडलं, तळं आटलं आणि वाफ्यावर पांढरी साय धरली. अण्णा म्हणाले, बुरशी आहे. ते आत गेल्यावर मी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. मीठ होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला ठकूबायची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, आणि मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.

कोपऱ्यातल्या ढिगावर मात्र त्या मूठभर बियांतून दोन वेल आले. एक गोगलगाईंनी खाल्ला. उरलेला भिंतीवर चढला आणि संध्याकाळी पिवळ्याधमक फुलांनी भरून जायचा. तो वास मी नाही म्हटलं तरी विसरलेले नाही, गोडसर, ओलसर. त्याला शिराळी धरली. अण्णा कामावर असताना येऊन ठकूबायने पहिलं तोडून देवाला ठेवलं, दोन आईला दिली आणि दोन वेलावर राखली. त्यांच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली, आणि मला हाताला धरून वेलाखाली नेलं. "बघ पोरी, यो बियाचा हाय. तोरू नको. कोनाला तोरू देव नको. वेलावर सुकाला पायजे, वालला की आतला बी वाजल खुलखुल्यासारका. तवा मी येन." पुढच्या आठवड्यात त्यातलं एक घुशीने खाल्लं. पाऊस कमी झाला, खालून मीठ वर आलं आणि वेलाची पानंही पिवळी पडायला लागली. नवं फूल येईना. एकच शिराळं राहिलं. ठकूबाय रोज सकाळी भाजी विकून येताना गटारापलीकडे थांबायची, ते आहे ना बघायची आणि जायची.

पितृपक्षात आजोबांची तिथी होती. दरवर्षी ती गावाला व्हायची. त्या वर्षी अण्णांनी हट्टाने काकांना कोपरखैरण्याला बोलावलं. ज्येष्ठात, पुड्या पेरल्या पेरल्या, त्यांनी पत्र लिहिलं होतं: नैवेद्याच्या पानावर भाज्या घरच्या रानातल्या असतील. ते पत्र पेटीत टाकायला मीच गेले होते.

काका आदल्या संध्याकाळी एसटीने आले. सकाळी दात घासत मागे गेले आणि उभेच राहिले. जळकी भेंडी, टीचभर झेंडू, गवारीच्या चार शेंगा आणि पांढरी पडलेली ढेकळं. काकांनी चूळ भरली. वाकून बोटाने माती चाखली आणि हसायला लागले. "आरं लेका, मीठ पिकवतूयास का हितं?" मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "ह्यो येल मातुर झ्याक हाय. कुनी लावला?"

अण्णा म्हणाले, "आहे एक बाई."

"मग तिच्याकडनं शिकायचं की रं सायेब," काका म्हणाले आणि अण्णांच्या खांद्यावर हात टाकला.

अण्णा हसले नाहीत. ते आत आले, पंचा घेतला आणि मोरीत गेले. मोरीचं दार लावण्याआधी मला त्यांचा चेहरा दिसला. चार महिने मी त्या माणसावर चिडत होते. आणि त्या क्षणी मला काकांचा, ठकूबायचा, त्या पिवळ्या वेलाचा संताप आला. आमच्या जागेत हिचं पिकतं आणि आमचं जळतं. मी विळी घेऊन मागे गेले. चिंधीची गाठ सुटेना, म्हणून देठच कापला. चिंधी गटारात टाकली.

आईने विचारलं, "हा कुठून आणलास?" मी म्हटलं, "अण्णांनी तोडून दिला." आईला पुरणाची घाई होती. साल निघता निघेना. आत जाळी धरली होती, विळी अडत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विळीवर जोर दिला. गर काढून बिया सालींबरोबर मागच्या डब्यात गेल्या आणि डाळ घालून भाजी झाली.

नैवेद्य झाला, पानं वाढली. काकांनी पहिला घास घेतला, चावला आणि तोंडातून दोरे ओढून पानाच्या कडेला ठेवले. मग त्यांचा आवाज बदलला. चेष्टेचा राहिला नाही. "ह्यो बियाचा हुता," ते म्हणाले. "बियाला ठेवल्याला कुनी तोडला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं तिथल्या तिथे कळलं, हे मला दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि पानातली सगळी भाजी खाल्ली, चोथ्यासकट. पाणी प्यायचे, पुन्हा घास घ्यायचे. मला वाढलेली भाजी माझ्या पानात तशीच होती. त्या दिवसापासून आजवर मी दोडका खाल्लेला नाही.

दुपारी काका लवंडले होते. ठकूबाय नेहमीपेक्षा उशिरा आली. गटारापलीकडे थांबली, भिंतीकडे पाहिलं, आणि टोपली तिथेच ठेवून गटार ओलांडून आत आली. तिने वेल हाताने वर-खाली चाचपला. कापलेल्या देठावर बोट फिरवलं. मग काही न विचारता दाराशेजारच्या डब्यापाशी फतकल मारून बसली आणि तो जमिनीवर उपडा केला. साली, केळीची सालं, चहाचा चोथा. त्यातून ती एकेक बी वेचून दोन बोटांत दाबून बघायला लागली. बी पांढरं होतं. दाबलं की पाणी यायचं. ती ते टाकायची आणि दुसरं उचलायची. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती, मी तिच्या मागे.

अण्णा बाहेर आले. तिच्यासमोर खाली बसले आणि तेही सालींतून बिया वेचायला लागले. एक दाबली, दुसरी दाबली. मग त्या पावसाळ्यात पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले. "मी तोडला," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं."

ठकूबायचे हात थांबले नाहीत. "तुमी नाय," ती म्हणाली. "तुमी शेतकरी हाव. शेतकऱ्याचा हात बियाला लागत नाय."

अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते तसेच बसून राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडला तो त्यांनी पुसला नाही. मला ते सहन होईना. मी आईच्या मागूनच म्हणाले, "बाजारात मिळतं की बी. पाकिटात मिळतं. मी आणून देते."

"मिलतं," ठकूबाय म्हणाली. शेवटची बी दाबून तिने बोटं लुगड्याला पुसली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "तू नको आनू."

ती पुन्हा आमच्या मागच्या दाराशी आली नाही. मी पंधरा वर्षांची होते. मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. तिने हाताला धरून नेऊन मला सगळं सांगितलं होतं.